काळ्या गाडीवरचे पट्टे

गाडीच्या मेणाचा डबा उघडला की आधी वास येतो आणि त्यामागोमाग आई. आज सकाळीही तसंच झालं.

खूप वर्षांपूर्वी मी एक जुनी काळी गाडी घेतली होती. तिच्यातून आईला यवतहून शिरूरकडं, तिच्या माहेरी भाच्याच्या लग्नाला न्यायचं होतं. तिची आई गेल्यापासून ती तिकडं फिरकलीच नव्हती. गाडी कशी झगमगली पाहिजे, म्हणून मी भर उन्हात मेण फासलं. तापल्या पत्र्यावर ते तिथंच वाळलं आणि गाडीभर पांढुरके पट्टे उमटले. स्वतःवरच चिडून गाडी कडुलिंबाखाली घेतली, पत्रा निवू दिला. मग एकेक दार धरलं. मेणाचा पातळ हात द्यायचा, जरा थांबायचं आणि कोरड्या फडक्याची बाजू बदलत पुसायचं. शेवटच्या दारावर एकही पट्टा उरला नाही.

तेवढ्यात आई नवं लुगडं नेसून आली. घरातला आरसा कुंकवापुरता, तळहाताएवढा. त्या काळ्या दारात मात्र ती डोक्यापासून पायांपर्यंत उभी दिसली. तिचा हात तोंडाशी गेला.

"आगं बया! ही तर माझी आय हाय!"

मेंढरांमागं रानोमाळ फिरलेल्या आजीचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. इतका वेळ मला वाटत होतं, मी गाडी पुसतोय. फडकं हातात तसंच राहिलं.

आईनं पदर सावरला आणि पाया पडायला वाकली.

समोरची तीही वाकली.