न उघडलेली कपाटं

माझ्या सासूबाईंची निवड सरकारनं केली होती. माझी कुणीच केली नाही. मी एनस्खेडे या डच शहरात शिकायला आले, बरोबरच्या एका उंच, अबोल मुलाशी लग्न केलं आणि त्याच्या मागोमाग या शेतावर येऊन पडले.

हे शेत आहे तिथं पूर्वी समुद्र होता. बांध घालून पाणी उपसलं, तळ वाळवला आणि त्या नव्या जमिनीवर, म्हणजे पोल्डरवर, शेती कोणी करायची ते सरकारनं माणसं पारखून ठरवलं. पसंत पडलेल्यांत माझे सासरे होते आणि इथल्याच झीलंड प्रांतातली त्यांची नवी नवरी. त्या आल्या तेव्हा इथं झाड नव्हतं, दुकान नव्हतं, चर्चसुद्धा नव्हतं. चिखल होता आणि चिखलात एका रांगेत उभी केलेली एकसारखी घरं होती. आमच्या आवारातले पॉप्लर सासूबाईंपेक्षा वयानं लहान आहेत, आणि त्या अजून त्यांना पानं पाडल्याबद्दल रागावतात.

सासरे गेल्यापासून सासूबाई मोठ्या घरात एकट्या राहायच्या. आम्ही दोघं त्याच आवारात, पूर्वी गड्यासाठी बांधलेल्या छोट्या घरात. नवरा बटाटे आणि कांदे पिकवतो. मी अधूनमधून मोठ्या शहरात, झुइडास भागातल्या ऑफिसात जाते, एरवी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून मीटिंगा करते. इथल्या सुना सासूला नावानं हाक मारतात. सासूबाईंचाही तोच आग्रह होता. ते माझ्या जिभेला जमेना, म्हणून लग्नानंतर आठ वर्षं मी त्यांना हाकच मारली नाही. समोर जाऊन उभी राहायची. कधीतरी वर बघायच्याच.

दर शनिवारी त्या कॉफीला यायच्या. दार वाजवायच्या, कोट काढायच्या, ठरलेल्या खुर्चीत बसायच्या. चमचा लागला तर मागायच्या. ड्रॉवर कोपराला टेकलेला असायचा, तरी मागायच्या. ओट्याकडे त्या कधी फिरकल्या नाहीत.

आईला पुण्याला फोनवर हे सांगितलं.

"डबे उघडून बघत नाही?" आई म्हणाली.

"नाही."

"फ्रिज?"

"नाही गं."

आईनं निकाल दिला. "मग तिला तू पसंत नाहीस. माझ्या सासूनं पहिल्याच आठवड्यात माझी सगळी फडताळं उपसली होती. डोळ्यांतून पाणी काढलंन् माझ्या. पण आपलं मानल्याशिवाय का कोणी एवढे कष्ट घेतं?"

मी हसले, पण ते डोक्यात बसलं. पुढच्या शनिवारी मसाल्यांचं कपाट मुद्दाम अर्धवट उघडं ठेवलं. कॉफी झाल्यावर जाताना सासूबाईंनी ते एका बोटानं लावून टाकलं. आत न बघता. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं केलं, डोक्याला लागलं असतं."

मग मोठ्या घराचा प्रश्न आला. इथली रीत अशी, की म्हातारी माणसं गावातल्या फ्लॅटमध्ये जातात आणि शेत सांभाळणारा मुलगा मोठ्या घरात येतो. सासूबाईंनी फ्लॅट पाहिला, पसंत केला, पडद्यांची मापं घेतली. घराबद्दल चकार शब्द नाही. विकणार का, भाड्यानं देणार का, काही कळेना. नवरा म्हणायचा, "सांगेल ती." मला ते घर हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. त्याच्या स्वयंपाकघरातून थेट बांधापर्यंत दिसतं. पण जिचे डबेसुद्धा बघण्याच्या लायकीचे नाहीत, तिच्या हातात त्या घर कशाला देतील, असं मला वाटायचं, आणि वाईट वाटायचं.

कांदे काढायच्या दिवसांत सासूबाई ओल्या अंगणात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. नवरा यंत्रावर होता. हॉस्पिटलात मी घेऊन गेले. प्लास्टर घालून परत आलो, त्यांना खुर्चीत बसवलं. घरी येऊन मदत करणारी होमकेअरची बाई संध्याकाळी येईल, कपाटातून कपडे ती काढून देईल, असं मी सांगितलं.

"परकी बाई नको," सासूबाई म्हणाल्या. "तू जा वर. डावीकडचं कपाट. नाइटगाऊन मधल्या फळीवर."

मी वर गेले. कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिले. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळ्यांच्या घड्या एका रेषेत. कडा बाहेर, एकही दोरा लोंबत नाही. कोणीतरी आत्ता तपासायला येणार असल्यासारखं. मी अलगद नाइटगाऊन ओढून काढला आणि वरची घडी दोनदा सारखी केली.

खाली आले. सासूबाई म्हणाल्या, "ते कपाट माझ्या नवऱ्यानंही कधी उघडलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. निवड करणारा माणूस घरी यायचा. नुसती शेती बघून भागत नसे, बाईही बघायची असे. सासूबाईंच्या लग्नाला थोडेच दिवस झाले होते. टोपीवाला एक साहेब आला, त्यांच्याशी एक शब्दही बोलला नाही, सरळ कपाट उघडलं, चादरी वर करून बघितल्या, भांड्यांची बुडं पाहिली, गादीखाली हात घातला.

"आम्ही पास झालो. घरात सगळे नाचत होते. मी मागे कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन रडले," सासूबाई म्हणाल्या. "तिथंच ठरवलं, दुसऱ्या बाईचं कपाट जन्मात उघडायचं नाही. तुझं कधी उघडलं नाही मी. लक्षात आलं असेल तुझ्या."

"आलं," मी म्हणाले.

आणि मग मीही सांगून टाकलं, की आमच्याकडे सासूनं डबे उघडले नाहीत तर सून नापसंत समजतात.

"इतकी वर्षं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"बोलायचंस की," सासूबाई म्हणाल्या, आणि डाव्या हातानं कॉफी ओढून घेतली.

शनिवारी त्या प्लास्टरसकट आल्या. दार वाजवलं. कोट काढला नाही, खुर्चीकडे गेल्या नाहीत. सरळ ओट्यापाशी गेल्या आणि डाव्या हातानं मसाल्यांचं कपाट उघडलं. हिंगाची डबी, फुटक्या झाकणाची हळद, रबर लावलेल्या पुड्या, सगळं त्यांनी सावकाश पाहिलं. खालचं कपाट उघडलं. कुकर गडगडत बाहेर आला. मग ड्रॉवरही उघडला.

"काय हा पसारा," त्या म्हणाल्या. "नावाला एक डबा जागेवर नाही. इथं मावणारच नाही तुझं. मोठ्या घरात फडताळं जास्त आहेत. मी जायच्या आधी मापं घेऊन ठेव."

त्या गेल्यावर मी आईला फोन लावला. सासूबाईंनी माझ्या स्वयंपाकघराला यथेच्छ नावं ठेवली, असं सांगितलं. आईला रडूच कोसळलं. मग मलाही.