चाचीच्या गळ्यातली गाठ आणि माझं पत्रक

अन्याय झाला तो शेजारच्या चाचीच्या मुलीवर. बोंडअळीच्या वर्षी, कपाशीचा दुसरा वेचा चालू असताना, एका शुक्रवारी दुपारी, पुरुष मशिदीतून परतायच्या आत. तेवढ्यात तिची मंगनी मोडली. मोडायला आलेल्या बाईच्या हातात मी लिहिलेलं पत्रक होतं.

चाचा मारेगावात फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. चाचीच्या गळ्यात गाठ निघाली, नागपूरला ऑपरेशन झालं, थायरॉइडचा कॅन्सर निघाला. आम्ही काही कार्यकर्ते तेव्हा कीटकनाशकांविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटत होतो. रिपोर्ट घ्यायला मी चाचीसोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी ‘जनुकांचं मेथिलेशन’ असा शब्द काढला, आणि पुढचं ऐकायचं सोडून मी मनात मथळा जुळवू लागले. घरी येऊन लिहिलं : ‘विषानं आमच्या शेजारणीची जनुकं बिघडवली. आता पिढ्यान् पिढ्या भोगतील.’ नाव टाकलं नाही, एवढी अक्कल होती. पण गळ्यावर टाके असलेली पंपवाल्याची बायको मारेगावात एकच.

मुलाची आई बाभुळगावहून आली. मिठाईच्या रिकाम्या डब्यात मंगनीला चाचीनं दिलेली अंगठी परत आणलेली, वर घडी केलेली ओढणी.

“बुरा नका मानू, बहेन. तुमच्या खानदानातच बिमारी आहे. पिढ्यान् पिढ्या, असं लिहिलं आहे इथं.”

“कोनं लिहिलं?” चाचीनं विचारलं.

“शिकलेल्या लोकायनं. ते खोटं कायले लिहितीन?”

मी तिथंच चाचीच्या हातचा चहा पीत बसले होते. तोंड उघडलं तर एवढंच निघालं, “ते विषाबद्दल आहे.”

मुलगी ओढणी उचलून आत जाता जाता म्हणाली, “विषाबद्दल आहे तर मंग ताई, मंगनी माही काहून मोडली?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. या खेपेला पूर्ण ऐकलं. मेथिलेशनमध्ये जनुकातला मजकूर बदलत नाही. त्यावर एक बारीक रासायनिक खूण बसते आणि ते जनुक बंद पडतं. पेशींची वाढ आवरणारं जनुक बंद पडलं की गाठ वाढू शकते. आयोडीन आत ओढणारं बंद पडलं, तर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार नीट लागू पडत नाही. या खुणा गाठीतल्या पेशींमधल्या. त्या आईकडून मुलीत उतरत नाहीत. थायरॉइडच्या कॅन्सरचा एक प्रकार घराण्यात चालतो, पण चाचीचा तो नव्हे.

“आणि फवारणीनं झालं का?” मी विचारलं.

“या एका गाठीवरून मी ते सांगू शकत नाही. तुम्ही कसं लिहिलंत?”

विषाविरुद्ध मी आजही बोलते, बोलणार. पण त्या दिवशी मला चाची नको होती, पुरावा हवा होता, आणि त्याची लाज अजून जात नाही.

बाभुळगावला जाऊन मुलाच्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पहिले छापून सांगतलं, आता तोंडी सांगून राह्यली. मी कोनतं धरू?”

तिचं बरोबर होतं. म्हणून हे छापते आहे. ते पत्रक तुमच्या घरात असेल तर काढा आणि फाडा. तेवढ्यावर थांबू नका. ज्यांना ते वाचून दाखवलंत, त्यांच्या दारात जा आणि सांगा की चाचीची गाठ तिच्या मुलीत उतरलेली नाही. आजच जा.