वाळूवर आलेला पूर्वज

माणसाच्या तोंडाकडे नुसतं बघून त्याचे पूर्वज कुठून निघाले आणि वाटेत कुठे कुठे रेंगाळले हे सांगणारा माझ्या मामासारखा दुसरा माणूस आमच्या किनाऱ्यावर झाला नाही. ते खरं निघायचं का, हा प्रश्न वेगळा. खातरजमा करायला पूर्वज आणायचे कुठून? मामा म्हणजे माझ्या आईचा मावसभाऊ, राहायला देवबागेत, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी अशा वाळूच्या पट्टीवर. गावच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून सगळ्यांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यात, त्याचा वाटा होता. पण जाळं ओढताना पुढच्या माणसाचे कान न्याहाळत दोर सैल सोडायचा, म्हणून त्याला सगळ्यात शेवटी उभा करत. मासे घ्यायला आलेल्या बाईला तो म्हणायचा, "तुझ्या कपाळार कानडी मुलूख आसा गो." पोस्टमनच्या कुरळ्या केसांत त्याला हबशी दिसायचा. एकदा तलाठी जमीन बघायला आले, तर त्यांना चहा देता देता म्हणाला, "तुमचां नाक मस्कतचां. होडयेतसून इलेलां." तलाठ्यांना आपल्या कुळाचा भारी अभिमान. त्यांनी कपबशी तशीच खाली ठेवली. मला मात्र त्याने कधी कुठल्याच मुलखात बसवलं नाही. फारच मागे लागलो तेव्हा बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझो थांगच लागणा नाय रे. तू सगळ्यांचो उरलेलो."

दुसऱ्यांची वंशावळ अशी फुकट वाटणाऱ्या मामाचे स्वतःचे डोळे घारे होते. केस तांबूस. आम्ही उन्हात काळे पडायचो, तो लाल व्हायचा. त्याच्या घराण्यात अशी समजूत होती की फार मागे एका वादळात कुणी परका खलाशी देवबागेच्या वाळूवर येऊन पडला, लोकांनी त्याला जगवला आणि तो इथलाच झाला. तो कुठला होता हे मामाच्या मर्जीवर असायचं. मासळी चांगली लागली की तो मोठा कप्तान व्हायचा, जाळं रिकामं आलं की जहाजावरचा आचारी. आणि गोव्याच्या हद्दीवर गडबड सुरू झाली की मामा घाईघाईने सांगायचा, "फिरंगी न्हय हां तो. वलंदेज." म्हणजे पोर्तुगीज नव्हे, डच.

पण घरात देवाला गाऱ्हाणं घालायची वेळ आली की ही थट्टा संपायची. हातात नारळ घेऊन मामा तुळशीसमोर उभा राहायचा, देवाला सगळं सांगायचा, एकेका पूर्वजाला हाक मारायचा आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. शेवटची हाक त्या बिननावाच्या माणसाला. ती चुकली तर दर्या रागावतो, अशी मामाची पक्की खात्री होती.

गोवा अजून सुटायचा होता ते दिवस. हद्द बंद होती. पलीकडे मार खाऊन आलेली माणसं गावोगाव दिसत होती आणि 'फिरंगी' ही साधी थट्टा राहिली नव्हती. मामाच्या मुलीचे, शालूचे, डोळे बापासारखेच घारे. तिला बघायला दोन ठिकाणची माणसं आली; पहिल्यांनी चहा पिऊन आणि दुसऱ्यांनी चहा न पिता, पण दोघांनी एकाच कारणाने पाठ फिरवली. तिसरं स्थळ रेडीचं आलं. मुलगा बंदरात, लोखंडाची माती होड्यांत भरण्याच्या कामावर मुकादम होता. त्याला वडील नव्हते, सगळा शब्द काकांचा. आणि ते काका होडी हद्दीपलीकडे वाहत गेली म्हणून फिरंग्यांच्या कोठडीत राहून आलेले.

ही बातमी आदल्या दिवशी कळली आणि मामीने चूल सोडून मामाला धरलं.

"उद्या गाऱ्हाण्यात तेवढा एक नाव गिळा," ती म्हणाली.

"नाव खंय आसा गिळूक? असता तर गिळलंय असतंय."

"मस्करी नको. हे तिसरे. हे गेले तर चवथे येवचे नाय."

"तेका वगळलंय तर तो रागावतलो."

"तो मेलो कदी. चेडू जिता आसा."

मामाने दारातून आत शालूकडे पाहिलं. त्याला गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते बरं वाटेना.

पाहुणे सकाळी आले. काका उंच, ताठ, बसताना पाठ भिंतीला लागू न देणारे. मुलगा जमिनीकडे बघत बसला. शालू पोहे घेऊन आली, तसे काकांनी तिच्याकडे आणि मग मामाकडे बघितलं.

"चेडवाचे डोळे कोणार गेले?"

एरवी या प्रश्नावर मामाने बोलत बोलत जेवणवेळ केली असती. तो म्हणाला, "आवशीर."

शालूची आई, म्हणजे मामी, दारातच उभी होती, कोळशासारखे काळेभोर डोळे घेऊन. तिने झटकन पदर पुढे ओढला. मी पोह्यांत तोंड घातलं आणि हसू दाबताना मला ठसका लागला. काका हसले नाहीत.

"गाऱ्हाणा घाला," ते म्हणाले. "आमच्याकडे तेच्याशिवाय सुपारी हलणा नाय. मूळपुरुषापासून सगळे येवंदेत."

आम्ही सगळे खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उतरलो. मामाने नारळ घेतला. देवांची नावं झाली, पूर्वजांची झाली, आम्ही व्हय म्हाराजा म्हणत गेलो. शेवटच्या हाकेची जागा आली. मामा थांबला आणि एकदम "चेडवाचा बरा कर रे म्हाराजा" म्हणून मोकळा झाला. मामीने सोडलेला श्वास मला ऐकू आला. मामा नारळ फोडायला वाकला.

"बाबा," शालू म्हणाली, "एक जण रवलो."

"कोण रवलो?" काकांनी विचारलं.

मामा वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला, नारळ पुन्हा छातीशी धरला आणि ज्याला धड आवाज म्हणता येणार नाही अशा आवाजात बोलला, "दर्यान जेका आमच्या वाळयेर हाडून सोडलो, जेचा नाव आमका ठावक नाय, जेची भास ठावक नाय, तो आमचो पूर्वजय तुझ्या पायाकडे आसा. तेकाय सांबाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा" कुणीच म्हटलं नाही. घरच्यांनीही नाही.

"माझ्या पाठीर तेंचे वळ आसत," काका म्हणाले.

"ते वळ देणारो हो न्हय," शालू म्हणाली. तिने हात पदरात गुंडाळले. "हो बुडता बुडता इलेलो."

काकांनी चपला पायात घातल्या. आणि मागून मुलाचा आवाज आला, हळू, पण स्वच्छ. "व्हय म्हाराजा."

काका वळले. "तुका कोणी विचारला?"

"गाऱ्हाण्यात विचारूचा नसता, काकानू. व्हय म्हणूचा असता."

काकांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. मग मामाला म्हणाले, "लग्नाक येयन. पंगतीक बसूचंय नाय." आणि खाडीकडे चालू लागले. बोलल्याप्रमाणे ते लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि उपाशी परत गेले. मामीने त्यांच्यासाठी वाढलेलं पान संध्याकाळपर्यंत कुणाला उचलू दिलं नाही.

शालू रेडीला सुखात नांदली. पण मामाने माणसांची तोंडं बघणं सोडलं. रापणीत दोर घट्ट धरू लागला, त्यामुळे त्याला पुढे उभा करू लागले, आणि जाळं ओढताना हसायला काही उरलं नाही. पोस्टमन तर मुद्दाम टोपी काढून दारात उभा राहायचा, मामा पत्र घ्यायचा आणि "पाणी पितलंस?" एवढंच विचारायचा. एकदा मीच त्याला छेडलं, तर म्हणाला, "दुसऱ्याचा सांगूक तोंड लागता रे. माझा सांगूची वेळ इली तेवा चेडवान सांगल्यान."

पुढे मला मुलगा झाला. आम्ही त्याला घेऊन देवबागेत गेलो. खरं कारण मी बायकोला सांगितलं नव्हतं. या पोरात कुठले कुठले मुलूख आहेत ते मला मामाच्या तोंडून ऐकायचं होतं. वाटल्यास मस्कत म्हणू दे, कानडी म्हणू दे, मला चाललं असतं. खळ्यात बाजेवर बसलेल्या मामाच्या मांडीवर मी मूल ठेवलं. मामाने मान खाली घातली आणि पोराच्या कपाळावरून, नाकावरून, कानांवरून सावकाश बोट फिरवलं. मी वाट बघत उभा राहिलो.

"हेका ऊन लागता," मामा म्हणाला. "घरात घे."