सुईवाला देवमाणूस

आमच्या घरात गोळीला कोणी कधी औषध मानलंच नाही. चाकणला कंपनीच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या आणि कोपऱ्यावर डॉक्टरचं दुकान. दवाखाना म्हणवत नाही मला. ताप असो, कंबर असो, सुई टोचली की माणूस दुसऱ्या दिवशी शिफ्टला हजर. नुसत्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला काही येत नाही, असं आमचं पक्कं मत.

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा सारखी तापायची. सासूबाई मला तिच्यासोबत पाठवायच्या. डॉक्टर आधीच्या पेशंटला टोचलेली सुई स्टीलच्या वाटीतल्या गरम पाण्यात बुडवायचा, दोनदा पिचकारी मारायचा आणि तीच हिला टोचायचा. मी बारावी पास बाई, बाकावर बसून मनात म्हणायचे, किती स्वच्छ माणूस, धुऊन घेतो! त्या अकलेला आज जोड्यानं मारावंसं वाटतं.

पुढे तिला दिवस गेले. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. दिराचंही तपासलं. त्याला काही नव्हतं.

मग काय, घरात सगळेच डॉक्टर झाले. "नवऱ्याला न्हाई, मग हिलाच कसं? माहेराहून घेऊन आली असंल," सासूबाई म्हणाल्या. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा. दीर मान खाली घालून बसला. कंपनीत अख्ख्या लाइनवर ओरडणारा गडी, बायकोसाठी त्याला एक शब्द फुटला नाही.

ताटा-पेल्यातून हा आजार होत नाही, दुसऱ्याचं रक्त लागलेल्या सुईनं मात्र होऊ शकतो, हे दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं. रोज न चुकता गोळ्या घेतल्या, तर बाळाला या आजारापासून वाचवता येईल, हेही. पण घरात ठरलं की तिला माहेरी धाडायचं. तिथे गोळ्यांचं काय, हे कोणी विचारलं नाही. गोळ्यांना आमच्याकडे किंमत होती कधी?

त्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर वाटीची गोष्ट काढली.

दीर पहिल्यांदाच बोलला. "तिला तिथं तुम्हीच नेत होता ना, वहिनी?"

"हो, मीच. आणि आपण सगळेच त्या वाटीतले. उद्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यायचं."

सासूबाई भडकल्या. "देवमाणूस हाय त्यो! त्याच्यावर संशय घेतीस?"

बरोबरच होतं. संशय घ्यायला घरात सून होती की.

जावेची भरलेली पिशवी मी उचलून माझ्या खोलीत ठेवली. सकाळी तिला घेऊन गोळ्या आणायला निघाले. सासूबाईही आमच्याबरोबरच बाहेर पडल्या, रक्त तपासायला नव्हे. गुडघा दुखत होता, म्हणून कोपऱ्यावर सुई घ्यायला.