खलबत्त्याचं सर्व्हिस रेकॉर्ड

माणसाला काही सुचत नाही अशी एक अवस्था असते, हे आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुभेदारसाहेबांना ब्रह्मदेवही पटवू शकणार नाही. त्यांच्या मते माणूस एक तर हजर असतो नाही तर गैरहजर. तिसरा प्रकार सिव्हिलियन लोकांनी आपल्या सोयीसाठी काढला. पलटणीतून निवृत्त होऊन ते साताऱ्याकडच्या आपल्या गावी स्थिरावले होते, पण लेक गुरुग्रामला नोकरी करते आणि नातू लहान, म्हणून दोघं नवराबायको दिल्लीत द्वारकेला तिच्या घरी आले. नातू शाळेत गेला की साहेबांचे हात रिकामे. मग ते सोसायटीतल्या स्कूटर एका रेषेत लावून घेत आणि लिफ्टमध्ये मधोमध उभ्या राहणाऱ्यांना 'दाहिने सरको' करून सरकवत. काकू म्हणायच्या, "अहो, तुमची पेन्शन सुरू झालीय, ड्युटी नाही."

मी घरून मसाले आणि फराळ विकते. पेजवर फोटो टाकले तर ऑर्डरी, नाहीतर नाही, असा सरळ व्यवहार. गेल्या वर्षी गणपती झाले आणि माझं डोकं बंद पडलं. चकलीचा फोटो आडवा काढला, उभा काढला, शेजारी झेंडू ठेवून काढला, झेंडू उचलून काढला. सगळे आधीच्या वर्षीसारखेच दिसायला लागले. तीन आठवडे मी काहीच टाकलं नाही आणि दिवाळी जवळ येत असताना फोन गप्प झाला. माझ्याबरोबर सहा वर्षं काम करणारी सुनीता निघताना रोज विचारायची, "दीदी, कल आना है ना?" शेवटच्या 'ना'ला ती जरा जास्तच थांबायची. एक दिवस तिला 'नको' म्हणावं लागेल, हे मला दिसत होतं.

अशात साहेब काकूंचा डबा परत द्यायला वर आले. मी सांगितलं, सुचत नाही.

"ताप आहे?"

"नाही."

"मग सिक रिपोर्ट मंजूर नाही. उद्या सकाळी दहा."

दहाला बेल वाजली. एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात पांढरा इनॅमलचा मग. चहा ते दुसऱ्या कशातूनही पीत नसत. त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन केलं आणि दगडी खलबत्त्यासमोर उभे राहिले.

"याची भरती कुठली?"

"अहो साहेब, खलबत्ता आहे तो."

"दिसतंय. भरती?"

"कोल्हापूर. सासूबाईंचा."

"पोस्टिंग?"

"आधी पुणे, मग भोपाळ, मग आर. के. पुरमचं क्वार्टर, आता इथे."

"जखमा?"

खलबत्त्याच्या कडेचा टवका उडाला होता, तो मी भिंतीकडे वळवून ठेवला होता. त्यांनी तो माझ्या फोनच्या कॅमेऱ्याकडे फिरवला. "जखमा लपवायच्या नाहीत, ताई. पेन्शन त्यावरच ठरते."

सर्व्हिस रेकॉर्डसकट खलबत्ता पेजवर गेला. दुसऱ्या दिवशी सोऱ्या, मग कढई, मग झारा. रोज दहाला ते हजर, म्हणून मला हजर राहणं भाग. सगळंच जमलं असं नाही. भाजणीवरची पोस्ट त्यांनी एकट्याने लिहिली, तीत फक्त एवढंच होतं: 'भाजणीत काय आहे ते गोपनीय आहे.' मी म्हटलं, साहेब, अशाने कोण घेईल? तर म्हणाले, "शत्रूला आपली ताकद सांगायची नसते." ती मला पेजवरून काढावी लागली. एकदा मात्र लाटण्यासमोर आम्ही तासभर बसलो आणि एक ओळ निघेना. मी उठायला लागले. "बसा," ते म्हणाले. "लाटण्याला आज काही सांगायचं नाही, असं लिहा. पण लिहा." मी वैतागून तेच लिहिलं.

पेजवर गर्दी वगैरे काही झाली नाही. कॅंटोन्मेंटमधल्या एका बाईने लिहिलं, आमच्या कुकरच्याही पाच पोस्टिंग झाल्या, शिट्टी जोधपूरला हरवली. सोबत दोन किलो चकलीची ऑर्डर. मग तिच्या शेजारणीची. मग आणखी एक. एका संध्याकाळी सुनीता चपला घालत असताना, तिने विचारायच्या आधीच मी म्हटलं, "कल जल्दी आना. अपनी बहन को भी लाना." तिने चपला तशाच ठेवल्या आणि आत येऊन दुसऱ्या दिवशीचे तांदूळ भिजत घालून गेली.

दिवाळी झाली आणि साहेब, काकू गावी परतले. शेतीचं बघायचं होतं आणि नातू आता दिवसभर शाळेत असतो. निघताना त्यांनी मला रजिस्टर दिलं. टॅक्सी गेल्यावर लक्षात आलं, त्यांचा चहाचा मग माझ्याच ओट्यावर राहिला होता. फोन केला तर म्हणाले, "राहू दे. पोस्टिंगवर आहे."

या महिन्यात पुन्हा डोकं बंद पडलं. दहाला बेल वाजत नाही, तरी मी रजिस्टर घेऊन बसले. स्वयंपाकघरातलं सगळं एकदा लिहून झालं होतं, फक्त साहेबांचा मग उरला होता. भरती ठाऊक नव्हती, पोस्टिंग एकच माहीत होती: द्वारका, तिसरा मजला. तेवढंच लिहिलं आणि फोटो टाकला. मला दाद मिळेल असं वाटलं होतं. साताऱ्याहून दहा मिनिटांत मेसेज आला: 'कानाजवळचा टवका दाखवला नाहीत.'

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला मी तो मग फिरवला आणि पुन्हा फोटो काढला. त्या मगात अजून मी कुणाला चहा दिलेला नाही.