महादेव आचाऱ्याची दुसरी टेस्ट

“हे तुमीच लिवलंय न्हवं?”

सुमनने घडी घातलेला एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. सही माझीच होती. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला, महादेवला, तपासून मी लिहिलेला रिपोर्ट. शेवटची ओळ अशी होती: ‘स्मरणशक्ती, भाषा, बुद्धिमत्ता सर्वसाधारण. लक्षणीय दोष आढळला नाही.’

“हो, माझाच आहे. काय झालं?”

“ह्यो कागद आमच्या आत्याबाईंनी, सासूनं, भावकीत समद्यांना वाचून दाखवायला लावला. पोराच्या डोक्याला काय झालं न्हाय, डॉक्टरनीच लिवलंय. मंजी सूनच खोटारडी, तिलाच नांदायचं न्हाय. आट दिवस झालं, मला म्हायेरला धाडलंय. लेक माजी तितंच हाय.” तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. “मॅडम, तुमच्याम्होरं ह्यो माणूस शाना बसला आसंल. घरात तसा न्हाय वो.”

सोलापुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मी औषधं देत नाही. डोक्याला मार लागलेल्या पेशंटची आठवण, लक्ष, विचार करण्याची पद्धत तपासायची आणि जे बिघडलं असेल त्यावर सराव करून घ्यायचा, हे माझं काम. चौदा वर्षं करतेय. माझ्या रिपोर्टमुळे कुणाचं तरी घर मोडायला निघालंय, हे पहिल्यांदाच ऐकत होते.

महादेव सांगोल्याकडचा आचारी. घरी शेळ्या-मेंढ्या, थोडी जमीन, पण त्याचं नाव होतं ते लग्नातल्या स्वयंपाकासाठी. पाच महिन्यांपूर्वी मोटरसायकल स्पीडब्रेकरवर उडाली. हेल्मेट नव्हतं. आठ दिवस आयसीयूत होता. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागाला, म्हणजे फ्रंटल लोबला, दोन्ही बाजूंनी मुका मार दिसला होता. ऑपरेशन लागलं नाही. चालत, बोलत घरी गेला. सगळे म्हणाले, सुटला.

मग सुमन सांगायला लागली. कोथिंबीर आणायला गेला की तीन तास एसटी स्टँडवर बसून राहतो. आंघोळ कर म्हटल्याशिवाय उठत नाही. मयताच्या घरी मोठ्यानं हसला. आईसमोर कधी आवाज न चढवणाऱ्या या माणसाने आईला शिव्या दिल्या. एका लग्नात भात करून ठेवला आणि आमटीचं विसरूनच गेला. पंगत बसलेली. ओरडणाऱ्या वाढप्याच्या अंगावर याने गरम झारा फेकला. नशीब, लागला नाही. त्यानंतर कामं बंद झाली.

“आणि ते स्वतः काय म्हणतात?”

“त्यो म्हणतोय, मी एकदम ओके हाय, तुलाच खोड हाय.”

त्याच दुपारी मी त्याच्या टेस्टची फाइल काढून पुन्हा वाचली. आकडे उलटे म्हण, म्हटले. चित्रं लक्षात ठेव, ठेवली. ठोकळे जुळव, जुळवले. सगळे गुण चांगले. आणि तिथेच माझी चूक दिसली. प्रत्येक वेळी ‘आता सुरू करा’ मी म्हणत होते. ‘आता थांबा’ मी म्हणत होते. पुढे काय करायचं ते मी सांगत होते. खोली शांत, दार बंद, एका वेळी एकच काम. फ्रंटल लोबचं काम नेमकं हेच असतं: कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, आधी काय, नंतर काय, कोणता शब्द तोंडातून बाहेर काढायचा नाही. त्याचा फ्रंटल लोब जे करू शकत नव्हता ते दीड तास मी करत बसले होते, आणि गुण त्याच्या नावावर लिहिले होते.

मी आमच्या हेडकडे गेले. ते सायकिअॅट्रिस्ट, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे.

“सर, एक रिपोर्ट मागे घ्यायचाय.”

“का? घरच्यांनी प्रेशर आणलं?”

“नाही. माझी टेस्टच चुकीची होती. परत घ्यायचीय. किचनमध्ये.”

“कुठे?”

“आपल्या मेसच्या किचनमध्ये. दुपारी दोन ते चार. तो आचारी आहे सर.”

सरांनी चष्मा काढला. “आग लागली तर?”

“मी तिथेच उभी असेन.”

“बरं. मेसवाल्याला तुम्ही समजवा. ते मला जमणार नाही.”

मेसच्या मॅनेजरला समजवायला दोन दिवस गेले. दरम्यान मी निरोप धाडला की टेस्टला महादेवबरोबर त्याची आई आलीच पाहिजे. आली. काटक म्हातारी, डोक्यावर पदर, सुमनकडे न बघता दारापाशी खुर्चीवर बसली. सुमन दुसऱ्या टोकाला.

मी काम सांगितलं. बारा माणसांचा स्वयंपाक. भात, आमटी, वांग्याची भाजी, शिरा. चारही पदार्थ चार वाजता एकदम तयार. मधे साडेतीनला माझ्या सरांना फोन करून चहाला बोलवायचं. घड्याळ समोर भिंतीवर. मी एक शब्द बोलणार नाही. कुणीच बोलायचं नाही.

“बारा मान्सं?” महादेव हसला. “मॅडम, मी बाराशे जेवू घातल्यात की.”

त्याने वांगी चिरायला घेतली. काय हात होता! प्रत्येक फोड सारखी. बारा माणसांची वांगी झाली. तो चिरतच राहिला. रात्रीच्या मेससाठी आणलेली पाटी त्याने पुढे ओढली आणि तीही चिरायला लागला. मॅनेजरने माझ्याकडे बघून हात जोडले. मी मान हलवली. बोलायचं नाही.

तांदूळ चढला होता. करपल्याचा वास सगळ्यांना आला. महादेवला आला असेल तरी तो उठला नाही. सुमन अर्धी उठली, मी तिला खुणेने बसवलं. तिने पदर तोंडात धरला. मग त्याने रवा भाजला, असा की खमंग वासाने वॉर्डबॉय दारात येऊन उभे राहिले. साडेतीन वाजून गेले. वर सर फोनपाशी बसून होते.

चार वाजता तो म्हणाला, “झालं मॅडम. वाढू का?”

“आमटी?” मी पहिल्यांदा बोलले.

त्याने पातेल्यावरचं झाकण काढलं. डाळ पाण्यात भिजत होती. खाली शेगडी पेटवलेलीच नव्हती. त्याने डाळीकडे बघितलं, भाताकडे बघितलं, चिरलेल्या वांग्यांच्या ढिगाकडे बघितलं. मग हळूच खाली फरशीवर बसला.

“ह्ये मी केलं?”

“हो.”

“मंजी सुमी खरं बोलत हुती?”

“हो. आणि तुम्हीही खोटं बोलत नव्हता. तुम्हाला ते दिसतच नव्हतं. मार लागला त्यातलाच तोही एक भाग आहे.”

मी आईजवळ गेले. सोपं करून सांगितलं. महादेवच्या डोक्यात स्वयंपाक सगळा जागच्या जागी आहे, पण कधी काय करायचं हे सांगणारी जागा दुखावली आहे. रागाला आवर घालणारी जागाही तीच. हा आळस नाही, माज नाही, कुणाची करणी नाही. आणि सुमनने सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे. चुकीचं मी लिहिलं होतं.

“तुमी चुकला?” म्हातारीने विचारलं.

“मी चुकले.”

ती उठली, सुमनपाशी गेली. “सुमे, पोरगी रोज विचारती तुजं. चल घरला.” माफीबिफी काही नाही. पण बाहेर पडताना सुमनची पिशवी तिने स्वतःच्या हातात घेतली.

मी नवा रिपोर्ट लिहिला. सरांनी चिडचिडीसाठी गोळी सुरू केली. आणि आमचं खरं काम सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, मेसच्या किचनमध्ये. मॅनेजर आता स्वतःच विचारायचा, आज काय शिकवताय?

आधी एकच पदार्थ. मग दोन. कामांचा क्रम कागदावर काढला. महादेवला लिहिलेलं वाचायचा कंटाळा, म्हणून सुमनने चित्रं काढली: शेगडी, डाळ, घड्याळ. झालं की खूण करायची. फोनवर अलार्म लावले, तर तो अलार्म बंद करायचा आणि कशासाठी वाजला ते विसरायचा. तीन आठवडे वाया गेले. मग सुमनला सुचलं. तिने स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला: “अवं, डाळ बघा.” “अवं, भाताखालची आच कमी करा.” पहिल्यांदा वाजलं तेव्हा महादेव किचनमध्येच ओरडला, “बगतोय की, बगतोय!” आणि खरंच जाऊन बघितलं.

रागासाठी एकच नियम. डोकं तापायला लागलं की हातातलं खाली ठेवायचं, बाहेर जायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, परत यायचं. कुणी काही विचारायचं नाही. हे त्याला शंभरदा करायला लावलं, राग नसतानासुद्धा. सराव तसाच लागतो.

अपघाताला वर्ष उलटून गेल्यावर केम गावच्या एका शेतकऱ्याने मुलीच्या साखरपुड्याचं काम दिलं. अडीचशे पानं. महादेवने फोन केला. “मॅडम, तुमी आन् सर येताय न्हवं? जेवायला वो. टेस्ट घ्यायला न्हाय.”

आम्ही दोघं गेलो. अर्थात टेस्ट घ्यायलाच. मांडवामागे तीन चुलाणं पेटलेली. खांबाला सुमनची चित्रं चिकटवलेली, शेजारी फोन टांगलेला. आई भाकरी थापणाऱ्या बायकांमध्ये बसलेली. सगळं वेळेवर चाललं होतं.

साडेबाराला मुलीचा बाप धावत आला. “महादेवराव, पाहुण्यांची आणखी एक गाडी आली. साठ माणसं वाढली. अर्ध्या तासात पंगत धरायचीय!”

फ्रंटलच्या पेशंटला सगळ्यात जड जातं ते हेच. ठरलेलं बदलणं. सरांनी माझा हात दाबला.

महादेवचा चेहरा लाल झाला. हातातला झारा वर गेला. बाप दोन पावलं मागे सरकला. सुमन जागची हलली नाही.

झारा हळूहळू खाली आला. महादेवने तो परातीत ठेवला, बाहेर गेला. रांजणात तांब्या बुडवला, उभ्याने पाणी प्याला. आमच्या समोरून गेला, पण त्याला आम्ही दिसलो नाही. परत येऊन खांबाजवळ थांबला. चित्रांकडे बघितलं. त्यात साठ माणसांचं चित्र नव्हतं.

“सुमे,” तो म्हणाला, “तिसऱ्या चुलीवर भाताचं आदण ठेव. आमटीत उकळतं पानी वाढवतो, शेंगदाण्याचा कूट आन् काळं तिखट टाकतो, दाट व्हती. वांगं पुरायचं न्हाय. पिठलं टाकू. आये, भाकऱ्या वाढव लई.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. “हे तुम्ही शिकवलं होतं?”

“नाही सर.”

“मग?”

“हे त्याचं त्यानं ठरवलं.”

पंगत वीस मिनिटं उशिरा बसली. तीनशेदहा माणसं जेवली. पिठलं दुसऱ्यांदा मागून घेतलं लोकांनी, सरांनी तिसऱ्यांदा. शेवटच्या पंगतीला मुलीच्या बापाने महादेवला मांडवात बोलावून सगळ्यांसमोर टोपी घातली, नारळ दिला. महादेवने नारळ हातात घेतला, मागे वळला आणि सगळ्या मांडवादेखत तो सुमनच्या ओटीत ठेवला. सुमन लाजली, मग हसली. म्हातारी तिच्यापेक्षा जास्त हसत होती.

महादेव पूर्वीसारखा झाला का? नाही. दिवसाला एकच काम घेतो. चित्रांशिवाय चूल पेटवत नाही. थकला की अजून तिरकस बोलतो, आणि गेल्या महिन्यात मला तोंडावर म्हणाला की मी जाड झालेय. फ्रंटल लोबचा प्रश्न आहे असं मी समजून घेतलं, जरी बोलणं खरं होतं. पण पुढच्या हंगामाच्या तारखा भरल्या आहेत, आणि त्या सुमनच्या वहीत आहेत.

मी माझी पद्धत बदलली. डोक्याला मार लागलेला पेशंट आला की आधी त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाला एकटं बसवते, अर्धा तास ऐकते, मगच टेस्टची पेटी उघडते. यामुळे ओपीडीची रांग लांबते आणि रिसेप्शनवरून दर सोमवारी तक्रार येते. तक्रार मी सरांकडे पाठवते. सर ती ड्रॉवरमध्ये ठेवतात.