बुरमाकानची झोपायची जागा

बुरमाकानला मी कधी निवांत आडवी झालेली पाहिली नव्हती. बिश्केकच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर आहेत, आणि तिच्या घरी माझा पाय दिवसातून दोनदा तरी पडतो, तरीही. ती बालवाडीच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. उजाडायच्या आत जाऊन शंभर पोरांची लापशी ढवळायची, दुपारी परतलं की घरचं रांधायचं, आणि मग कुणी ना कुणी आलेलंच असायचं. आमच्या लोकांना कळवून यायची सवय नाही. मलाही नाही, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत मुलगा मिर्बेक, सून जिबेक आणि दोन पोरं. बाहेरच्या मोठ्या खोलीत दारासमोरच्या भिंतीला सोफा. दारासमोरची भिंत म्हणजे मानाची जागा, पाहुणा तिथंच बसणार. आणि रात्री त्याच सोफ्याची बुरमाकानची खाट व्हायची. म्हणजे पाहुणे बसायचे ते तिच्या अंथरुणावर. शेवटचा पाहुणा शेवटचा पेला पिऊन, दारात उभा राहून अर्धा तास बोलून गेला की मगच तिला पाठ टेकता यायची. कितीदा तरी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर भिंतीला डोकं लावून पेंगायची, आणि बाहेर पाहुणे तिनं तळलेल्या कणकेच्या बोरसोकांचं कौतुक करत असायचे.

सोफा जुन्या पद्धतीचा होता, त्याला इथे सगळे पुस्तक म्हणतात. आधी भिंतीपासून ओढायचा, मग बैठक वर उचलायची, ‘टक्’ आवाज येईपर्यंत गुडघ्यानं रेटून धरायची आणि अलगद खाली सोडायची. की पुस्तक उघडलं. आतल्या पेटीतून गाद्या काढायच्या. सकाळी हेच सगळं उलट. हे तिनं नवरा होता तेव्हा केलं, तो गेल्यावरही केलं. या वसंतात एका संध्याकाळी बैठक उचलताना तिच्या कमरेत अशी उसण भरली की मिर्बेक येईपर्यंत ती तशीच वाकून उभी होती. मी दार ढकललं तेव्हा म्हणाली, “साकिन, हसू नकोस. सरळ होता येत नाहीये.” मी हसले नाही. मला रडू आलं होतं.

नवा सोफा घ्यायचं ठरलं, आणि लवकर घ्यायचं ठरलं, कारण धाकटा नातू पाऊल टाकू लागला होता. चालू लागलेल्या पोराच्या पायात दोरी बांधून ती कापतात, त्या समारंभाला जिबेकची आई उमसुनाई नारिनहून यायची होती. विहीणबाईंचा दरारा मोठा. लग्नात तिनं आमच्या भाताला नुसतं हुंगून बाजूला सारलं होतं.

घरात वाद जुंपले. मिर्बेकला कोपऱ्यातला मोठा सोफा हवा होता, खालून पट्टा ओढला की निम्मी खाट वर उसळते तो. जिबेक म्हणाली, “तो पट्टा आठवड्यात तुटतो. माझ्या मैत्रिणीकडे दोरीनं बांधलाय.” मी म्हटलं, ज्याची बैठक चाकांवर पुढे सरकते आणि पाठ मागे पडते तो घ्या. त्यावर मिर्बेक मला म्हणाला, “एजे, त्याच्या मधल्या फटीत आई पडली तर शोधायला तुम्ही येणार का?” बुरमाकान बटाटे सोलत होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

शेवटी फर्निचर बाजारात आम्ही दोघीच गेलो. तिथल्या विक्रेत्यानं पेटीच्या भात्यासारखा लांब होणारा सोफा दाखवला. पुढची कड हातानं ओढली की तीन घड्या सरसर उलगडतात. उचलायचं नाही, वाकायचं नाही, मध्ये फट नाही. बुरमाकाननं बूट काढले आणि चक्क आडवी झाली. गिऱ्हाइकं बाजूनं जात होती, विक्रेता बोलत होता, आणि हिचे डोळे मिटलेले. “हाच,” ती म्हणाली. मलाही पटलं. आम्हा दोघींची अक्कल तिथंच चरायला गेली. बाजारात सोफा मोकळ्या जागेत मांडलेला होता. तिथं ना भिंत, ना दार.

सोफा आला, मानाच्या जागी लागला, जुना खाली गेला. दुपारी बुरमाकाननं कड ओढली, उशी भिंतीकडे ठेवली आणि अंग टाकलं. मी कपाटातल्या काचेच्या पेल्यांवरची धूळ पुसत होते. इतक्यात जिबेक बाहेरून आली आणि दारातच किंचाळली. हातातली अंडी गेली.

मग मलाही दिसलं. भाता पुढे, दाराच्या दिशेनं उलगडला होता. बुरमाकान पाय दाराकडे करून, हात छातीवर ठेवून निजली होती. तसं आमच्याकडे घरातून शेवटचं न्यायचं असतं त्यालाच निजवतात.

“आपा, उठा! आधी उठा!” जिबेक तिचे खांदे धरून हलवायला लागली.

“अगं मेले नाही मी, दमलेय,” बुरमाकान म्हणाली.

पण उठली. उशी दुसऱ्या टोकाला ठेवून पाहिली, तर पाय मानाच्या जागेकडे, भिंतीवर टांगलेल्या कुराणाच्या खाली. जिबेक परत नको नको करू लागली. बाजूच्या भिंतीला काचसामानाचं कपाट, तिच्या माहेरून आलेलं. खिडकीखाली लावावा तर उघडल्यावर बाल्कनीचं दार अडतं. मिर्बेकनं येऊन पट्टीनं खोली मापली, पुन्हा मापली, आणि सोफ्याला लाथ घातली.

चार दिवस बुरमाकान नव्या सोफ्यासमोर जमिनीवर गादी घालून झोपली. सकाळी उठायला तिला खुर्चीचा पाय धरावा लागायचा.

शेवटी मिर्बेक बाजारात जाऊन त्या माणसाशी भांडून आला. “आई, तो बदलून देतोय. साकिन-एजे म्हणत होत्या ना, तो चाकांवर सरकणारा. त्यात आडवं झोपता येतं, भिंतीला समांतर. पाय दाराकडे येत नाहीत. एका हातानं उघडतो, एका हातानं मिटतो.”

“मिटणारा नको,” बुरमाकान म्हणाली.

आम्हाला वाटलं तिला नीट समजलं नाही. मिर्बेकनं परत समजावलं. ती ऐकून घेत राहिली, मग हातातला फडका खाली ठेवून बोलली. आवाज चढला नाही तिचा.

“बालाम, लहानपणी गाद्या घालायचो, सकाळी रचायचो. सून म्हणून आले तेव्हा पडद्याआड घालायचे, सकाळी रचायचे. इथे आले, तर हा सोफा. रोज सकाळी मी माझी झोपायची जागा अशी पुसून टाकते की घरात मी झोपतच नाही जणू. मला पलंग हवा. पलंगच. उघडायला नको, मिटायला नको. कामावरून आले की तो तिथं असावा.”

“आणि पाहुणे?” जिबेकनं विचारलं.

“पलंगावर बसतील. नाहीतर उभे राहतील.”

जिबेक माझ्याकडे येऊन रडली. “एजे, तुम्ही तरी सांगा ना. माझी आई काय म्हणेल? मानाच्या जागी सासूची खाट! पसारा घातलेलं आजाऱ्याचं घर वाटेल.” मी म्हटलं, वाटू दे. पण खरं सांगायचं तर मलाही धास्ती होती. विहिणीनं एक शब्द टाकला असता तर पलंग संध्याकाळच्या आत खाली गेला असता, मला बुरमाकान ठाऊक आहे. ती एकदाच हट्ट करते, दुसऱ्यांदा तिच्यात त्राण नसतं.

त्या सोफ्याच्या बदल्यात पलंग आला. साधा, लाकडी, एका माणसाचा. भिंतीलगत लांबीनं लावला. जिबेकनं त्याच्यावर तिच्याकडची सगळ्यात जाड भरतकामाची चादर अंथरली, खाली झालर सोडली, पाठीला तीन उशा लावल्या. तरी तो पलंगच दिसत होता.

समारंभाच्या आदल्या दिवशी उमसुनाई आली. नारिनहून टॅक्सीत सहा माणसांत चेंगरून आली होती, मांडीवर लोण्याची बरणी. दारात गळाभेटी झाल्या, नातवाचे मुके झाले. जिबेकनं आईला वर बसायला सांगितलं आणि चहाच्या निमित्तानं पळाली. खाली जमिनीवर खाण्याचं दस्तरखान मांडलेलं होतं. उमसुनाई पलंगावर बसली. बसता क्षणी तिला कळलं. तिनं चादरीचं टोक उचलून खाली पाहिलं, तळहातानं गादी दाबली.

“कुदागी,” तिनं विहिणीला विचारलं, “हे मिटतं कुठून?”

“मिटत नाही,” बुरमाकान म्हणाली. ती दस्तरखानाच्या खालच्या टोकाला बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

“दिवसासुद्धा असंच?”

“असंच.”

मी बोरसोकाचा तुकडा तोंडात धरून बसले होते, चावायची हिंमत होईना. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

“माझ्याकडे पाच खोल्या आहेत,” उमसुनाई म्हणाली. “पोरं गेली, म्हातारा गेला. एकटी झोपते. तरी रोज सकाळी गादी उचलून कोपऱ्यात रचते, वर चादर घालते. कुणी आलं तर? कुणी येत नाही.” तिनं डोक्याचा रुमाल सोडला, घडी करून उशाशी ठेवला, आणि तीन उशांतल्या दोन काढून माझ्या हातात दिल्या. मग पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं.

जिबेक किटली घेऊन आली ती दारातच थबकली. “आई! अगं, लोक यायला लागतील आता. पाहुणे...”

“पाहुणी मी आहे ना?” उमसुनाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. “मग मला झोपू दे. कुदागी, तू पण ये. मी सरकते.”

बुरमाकान उठली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि एप्रन न सोडताच तिच्या पाठीला पाठ लावून पडली.